सुपरमॅनला काय जमत नाही? एक नायक आणि त्याचे अनेक लेखक

एप्रिल १९३८. अमेरिकेतील वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर दहा सेंट किमतीचे एक नवे मासिक झळकले. नाव ‘ॲक्शन कॉमिक्स’. मुखपृष्ठावर निळ्या पोशाखातला, लाल केप घातलेला एक माणूस हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटत होता आणि बाकीची माणसे जीव घेऊन पळत होती. आत तेरा पानांची गोष्ट होती. लेखक जेरी सीगल, चित्रकार जो शूस्टर. दोघेही तेवीस वर्षांचे, दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, क्लीव्हलंडच्या एकाच शाळेत शिकलेले.

त्या गोष्टीतल्या नायकाविषयी आज एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. ज्याला काहीच अशक्य नाही, त्याच्या कथेत रस तो कसला? आक्षेप रास्त आहे. मात्र तो सुपरमॅनच्या काही लेखकांना तंतोतंत लागू पडतो आणि काहींना मुळीच नाही. कोणाला लागू पडतो हे ओळखण्याची कसोटी साधी आहे. त्या लेखकाच्या कथेत सुपरमॅनला काय जमत नाही, एवढेच पाहावे.

अमेरिकन कॉमिक्समध्ये पात्राची मालकी प्रकाशन कंपनीकडे असते. लेखक येतात, चार-दोन वर्षे लिहितात, निघून जातात. आख्यान एकच आणि कीर्तनकार अनेक, असा तो प्रकार. सुपरमॅनचे कीर्तन ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे. मराठी घरांतल्या आधीच्या पिढीला ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून भेटलेला लाडका वेताळ त्याच्याहून दोन वर्षांनी वडील, पण लेखकागणिक इतकी रूपे वेताळाने पाहिली नाहीत.

प्रथम सीगल यांचा मूळ सुपरमॅन. तो उडत नाही, उड्या मारतो. एका उडीत फार तर दोनशे मीटर. तोफेचा गोळा फुटला तर त्याला इजा होऊ शकते. पहिल्याच कथेत तो निरपराध स्त्रीची फाशी थांबवण्यासाठी गव्हर्नरच्या घराचे दार उखडतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर भिरकावतो आणि पुढे अमेरिकेला युरोपातल्या युद्धात ओढू पाहणाऱ्या सिनेटरच्या मागावर वॉशिंग्टनला जातो. दुसऱ्या अंकात तो शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराला साधा शिपाई म्हणून रणांगणावर उभे करतो. तिसऱ्या अंकात खाणमालक आणि त्याचे मेजवानीला आलेले पाहुणे यांना त्याच्याच असुरक्षित खाणीत अडकवून ठेवतो.

जानेवारी १९३९ च्या अंकातली कथा तर आणखी धाडसी आहे. झोपडपट्टीतली मुले गुन्हेगारीकडे का वळतात, असा प्रश्न सुपरमॅनला पडतो. उत्तर म्हणून तो संपूर्ण वस्ती जमीनदोस्त करतो, म्हणजे सरकारला तिथे नवी घरे बांधणे भाग पडेल. तोवर रहिवाशांनी राहायचे कुठे, याची कथेला फारशी फिकीर नाही. लेखक तरुण होता, हे इथे लगेच कळते.

हा महामंदीचा काळ होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ कार्यक्रमामुळे सरकारने गरिबांसाठी काय करावे हा चर्चेचा विषय झाला होता. सीगल यांच्या सुरुवातीच्या कथांत परग्रहावरचे खलनायक जवळजवळ नाहीत. आहेत ते मालक, दलाल, भ्रष्ट पुढारी, बेदरकार मोटारचालक. म्हणजे कायद्याच्या कचाट्यातून सुटणारी माणसे. सुपरमॅनला मोटार उचलता येते, कायदा हलवता येत नाही. म्हणून तो कायदा बाजूला सारतो. आज वाचताना हा नायक थोडा गुंडच वाटतो. तो लोकांना उंच इमारतींवरून लटकवतो, धमकावतो आणि त्यात त्याला मजाही येते. तरीही त्या कथांतला राग खरा आहे. उसन्या रागाने अशी पाने लिहिली जात नाहीत.

२ जून १९३२ रोजी सीगल यांच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले. त्या झटापटीत वडिलांचे हृदय बंद पडले आणि ते गेले. बंदुकीची गोळी अंगावर आदळून खाली पडते असा नायक पुढच्या काही वर्षांत त्यांच्या मुलाच्या लेखणीतून आला. या दोन गोष्टींचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. तो सिद्ध करता येत नाही, पण वाचकाच्या मनातून जातही नाही.

त्या तेरा पानांचे मिळाले किती? पानामागे दहा डॉलर, एकूण १३० डॉलर. त्या रकमेबरोबर पात्राचे सगळे हक्क कंपनीकडे गेले.

यश इतके झपाट्याने आले की नायकाला शिस्त लावणे कंपनीला भाग पडले. १९४० च्या सुमारास संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी नियम घातला की सुपरमॅन कोणाचा जीव घेणार नाही. मालक आणि सिनेटर हळूहळू दिसेनासे झाले. त्यांच्या जागी वेडे शास्त्रज्ञ आणि बँक लुटणारे आले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘लुक’ या नियतकालिकासाठी सीगल आणि शूस्टर यांनी दोन पानांची कथा केली. सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन यांना मानगुटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. एप्रिलमध्ये एसएसच्या ‘दास श्वार्त्से कोर’ या साप्ताहिकाने सीगल यांच्या ज्यू असण्यावर गरळ ओकणारा लेख छापला. बर्लिनमधल्या सत्ताधाऱ्यांना क्लीव्हलंडच्या एका पोरगेल्या लेखकाची दखल घ्यावीशी वाटली, हीच त्या दोन पानांची पावती.

पुढे अमेरिका खरोखरच युद्धात उतरली आणि अडचण उभी राहिली. सुपरमॅन एका दुपारीत युद्ध संपवू शकतो, मग तो संपवत का नाही? रोज जवान मरत असताना हा प्रश्न टाळणे सोपे नव्हते. १९४२ मध्ये वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्टीत यावर तोडगा निघाला. क्लार्क केंट सैन्यात भरती व्हायला जातो. डोळ्यांच्या तपासणीत त्याची क्ष-किरण दृष्टी नकळत भिंतीपार जाते, तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचतो आणि नापास होतो. युक्ती हास्यास्पद आहे, पण सभ्यही आहे. खऱ्या माणसांचे मरण काल्पनिक नायकाने स्वस्त करू नये, एवढे भान तिच्यात आहे.

सामाजिक राग मग कागदावरून रेडिओवर गेला. १९४६ च्या उन्हाळ्यात सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेत सोळा भागांची एक कथा झाली. मेट्रोपोलिसमध्ये राहायला आलेल्या चिनी वंशाच्या ली कुटुंबाला तोंडे झाकून फिरणारी, अग्निक्रूसाची संघटना छळते. नाव बदलले होते तरी रोख कू क्लक्स क्लॅनवर आहे हे ऐकणाऱ्या पोरांनाही कळत होते. या कथेने क्लॅन मोडली अशी दंतकथा पुढे रूढ झाली. ती अतिशयोक्तीच मानावी. पण संध्याकाळी रेडिओला कान लावून बसणाऱ्या मुलांना शेजाऱ्याचा द्वेष ही खलनायकाची खूण म्हणून ओळखता आली, हे काही थोडे नाही.

सीगल आणि शूस्टर यांनी १९४७ मध्ये हक्कांसाठी दावा लावला. पुढल्या वर्षी तडजोड झाली, थोडी रक्कम मिळाली आणि सुपरमॅनच्या अंकांवरून दोघांची नावे नाहीशी झाली.

पन्नाशीचे दशक उतरणीला लागले तेव्हा सूत्रे संपादक मॉर्ट वाइसिंगर यांच्या हाती होती. १९५४ च्या आचारसंहितेमुळे कॉमिक्समधले रक्त, भय आणि राजकारण आटले होते. वाइसिंगर यांनी त्या पोकळीत कल्पनेचा बाजार मांडला. ओटो बाइंडर या लेखकाने १९५८ मध्ये बाटलीत बंद केलेले क्रिप्टनचे शहर आणले, १९५९ मध्ये सुपरगर्ल आणली. शिवाय सुपर-कुत्रा, सुपर-मांजर, सुपर-घोडा. सुपरमॅनची शक्तीही फुगत गेली. तो ग्रह ढकलू लागला, काळातून मागेपुढे जाऊ लागला. वर उल्लेखलेला आक्षेप खरा लागू पडतो तो इथे. त्याला न जमणारी एकच गोष्ट उरली होती, लोइस लेनपासून आपले गुपित लपवताना न घाबरणे.

आणि तरीही याच कालखंडात सुपरमॅनच्या सर्वोत्तम कथांपैकी दोन लिहिल्या गेल्या. त्या लिहिणाऱ्याचे नाव अंकावर नव्हते. १९५९ मध्ये पोटासाठी परतलेले जेरी सीगल आता आपल्याच नायकाच्या कथा निनावी लिहीत होते.

पहिली १९६० ची. सुपरमॅन काळात मागे जाऊन क्रिप्टन या आपल्या जन्मग्रहावर पोहोचतो. तिथे त्याची शक्ती चालत नाही. तो आईवडिलांना भेटतो, स्वतःची ओळख न देता त्यांच्या घरात वावरतो, लायला लेरोल नावाच्या अभिनेत्रीच्या प्रेमात पडतो. ग्रह फुटणार हे त्याला ठाऊक आहे. थांबवू मात्र शकत नाही. शेवटी तो इथेच सर्वांसोबत मरायला तयार होतो आणि तेव्हाच एका अपघाताने त्या ग्रहापासून दूर फेकला जातो. ज्याने वयाच्या सतराव्या वर्षी वडील गमावले, त्याने हे लिहिले आहे.

दुसरी नोव्हेंबर १९६१ ची, सुपरमॅनच्या मृत्यूची. लेक्स लूथर सुधारल्याचे सोंग करतो, कर्करोगावर औषध शोधतो, सुपरमॅनचा विश्वास संपादन करतो आणि मग त्याच्या मित्रांच्या डोळ्यांदेखत त्याला क्रिप्टोनाइटच्या किरणांनी हालहाल करून मारतो. सुटकेची युक्ती नाही, शेवटच्या पानावर उलगडा नाही. बाटलीतल्या शहरात लूथरवर खटला चालतो. तो न्यायाधीशांपुढे सौदा मांडतो, मला सोडा, मी तुमचे शहर पूर्ववत मोठे करून देतो. त्या लोकांची वर्षानुवर्षांची एकमेव इच्छा पुरी होणार असते. ते नकार देतात. १९३८ मधला सीगल यांचा नायक न्यायासाठी दारे मोडत होता. १९६१ मध्ये तो मेलेला आहे आणि न्याय करायला बाटलीतली इवलीशी माणसे उभी राहिली आहेत. हा प्रवास कोणत्याही समीक्षकाने अधिक बारकाईने पाहायला हवा होता, पण लेखकाचे नावच छापले नव्हते.

वाइसिंगर निवृत्त झाल्यावर १९७१ मध्ये डेनी ओनील यांना पाचारण केले गेले. त्यांचे निदान अचूक होते, की शक्ती कमी करा. पृथ्वीवरचे सगळे क्रिप्टोनाइट त्यांनी एका फटक्यात लोखंड करून टाकले आणि सुपरमॅनच्या शक्तीचा वाटा पळवणारा वाळूचा एक प्रतिपुरुष उभा केला. शेवटी हरवलेली शक्ती परत मिळण्याची संधी येते, तेव्हा सुपरमॅन ती नाकारतो. उत्तम कल्पना. पण ओनील गेले आणि नंतरच्यांनी सर्व काही पूर्ववत केले. शक्ती घटवणे हा वरवरचा इलाज होता, हे त्यातून दिसले.

खोलात गेले ते एलियट मॅगिन. वय विशीच्या आसपास, जानेवारी १९७२ चा अंक. विश्वाचे रक्षक सुपरमॅनच्या मनात शंका पेरतात, तुझ्या मदतीमुळे माणसांची वाढ तर खुंटत नाही ना? तो पृथ्वीवर परततो तेव्हा कॅलिफोर्नियात मेक्सिकोहून आलेले शेतमजूर मालकाच्या जुलमाविरुद्ध त्याची मदत मागतात. त्या वर्षांत तिथे शेतमजुरांच्या संपांची बातमी रोजची होती. सीगल यांच्या सुपरमॅनने मालकाला उचलून आपटले असते. मॅगिन यांचा सुपरमॅन सांगतो, हा लढा तुमचा आहे. तेवढ्यात भूकंप होतो आणि तो त्यांची घरे सावरून देतो. भूकंपापुढे माणूस हतबल असतो, मालकापुढे नसतो, असा हा विवेक.

मॅगिन यांचे उत्तर पटण्यासारखे आहे का? निम्मे. ज्याच्या हाती सर्व बळ आहे त्याने दुबळ्याला स्वावलंबनाचा उपदेश करणे सोयीचे असते. पण प्रश्न खरा होता, आणि तो विचारायला चौतीस वर्षे लागली होती.

१९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट येणार अशी बातमी आली. सीगल तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये टपाल कारकुनी करत होते. शूस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगल यांनी वृत्तपत्रांना एक लांबलचक पत्रक पाठवले आणि त्या चित्रपटाला जाहीर शाप दिला. व्यंगचित्रकार जेरी रॉबिन्सन आणि नील ॲडम्स यांनी दोघांची बाजू उचलून धरली. डिसेंबरात कंपनीने प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलर देण्याचे मान्य केले आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे परतली.

ॲलन मूर यांनी सुपरमॅनवर लिहिले ते अगदी थोडे, पण त्यातले बहुतेक टिकले आहे. १९८५ च्या कथेत एक परग्रही वनस्पती सुपरमॅनच्या छातीला चिकटते आणि त्याची सर्वांत खोल इच्छा स्वप्नात पुरी करते. त्या स्वप्नात क्रिप्टन फुटलेला नाही. त्याला बायको आहे, मुलगा आहे. पण स्वप्नातला पिता कडवट, अपमानित म्हातारा झाला आहे, कारण ग्रह फुटेल ही त्याची भविष्यवाणी खोटी ठरली. जागे व्हायचे तर सुपरमॅनने स्वतःच्या मुलाला सोडायला हवे. इथे शत्रूला ठोसा मारणे हा सर्वांत सोपा भाग आहे.

१९८६ मध्ये जुना सुपरमॅन संपवण्याचे काम मूर यांच्याकडेच आले. त्या कथेत तो एका शत्रूचा जीव घेतो आणि त्याच क्षणी ठरवतो की आता सुपरमॅन म्हणून जगण्याचा अधिकार उरला नाही. तो स्वतःहून शक्तीचा त्याग करतो आणि सामान्य गृहस्थ होतो.

दोनच वर्षांनी जॉन बर्न यांच्या सुपरमॅनने तीन क्रिप्टनवासी गुन्हेगारांना मृत्युदंड दिला. त्यालाही अपराधी वाटले, पण मासिक चालूच राहिले. या जागी मूर यांचे पारडे जड आहे. मात्र बर्न यांना एवढ्यावर मोडीत काढणे अन्यायाचे होईल. १९८६ मध्ये त्यांनी नायक नव्याने मांडला, केंट दाम्पत्याला जिवंत ठेवले आणि क्लार्क हाच खरा, सुपरमॅन हे त्याचे काम, अशी उलटापालट केली. लूथरला वेड्या शास्त्रज्ञाऐवजी धनाढ्य उद्योगपती करण्याची कल्पना मार्व वुल्फमन यांची. तीमुळे १९३८ चा कारखानदार दारातून हाकललेला खिडकीतून परत आला, आणि या वेळी त्याला इमारतीवरून लटकवण्याची सोय नव्हती.

बर्न यांची १९८७ च्या दुसऱ्या अंकातली कथा तर पुन्हा पुन्हा वाचावी. लूथर सुपरमॅनचे गुपित शोधण्यासाठी माणसे आणि संगणक कामाला लावतो. सर्व माहिती भरल्यावर संगणक उत्तर देतो, क्लार्क केंट हाच सुपरमॅन. लूथर ते उत्तर धुडकावून लावतो आणि उत्तर काढणाऱ्या शास्त्रज्ञ बाईला कामावरून काढतो. इतकी सत्ता असलेला माणूस मुद्दाम सामान्य बनून राहील, हे त्याच्या कल्पनेपलीकडचे आहे. सुपरमॅन या कथेत जवळजवळ काहीच करत नाही. आणि चष्म्याने ओळख कशी लपते, या जुन्या थट्टेला याहून चांगले उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

१९९२ च्या गाजलेल्या ‘मृत्यू’विषयी थोडक्यात. लाखो प्रती खपल्या, लोकांनी भाव वाढेल म्हणून न उघडता जपून ठेवल्या, आणि पुढच्याच वर्षी नायक परत आला. डॅन जर्गेन्स आणि सहकाऱ्यांनी मागाहून लिहिलेले शोकाचे अंक चांगले आहेत. मृत्यू मात्र नुसती मारामारी आहे. १९६१ ची ती निनावी कथा शेजारी ठेवली की फरक कळतो.

ग्रँट मॉरिसन यांनी चित्रकार फ्रँक क्वाइटली यांच्यासह २००५ ते २००८ या काळात बारा अंकांत ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ केले. इथे वाइसिंगर यांच्या काळातली सगळी जादू परत आणली आहे, आणि सुपरमॅनची शक्ती कधी नव्हे इतकी वाढवली आहे. कारण तीच शक्ती त्याला मारते आहे. सूर्याच्या अतिरेकी ऊर्जेने त्याच्या पेशी जळत आहेत, दिवस मोजके आहेत. ओनील यांचे निदान उलटे करून तोच गुण आणण्याचा हा प्रकार विस्मयकारक आहे.

दहाव्या अंकात एक पान आहे. रीगन नावाची मुलगी उंच इमारतीच्या कठड्यावर उभी आहे. सुपरमॅन तिच्यामागे उतरतो. तो तिला उचलून नेऊ शकतो, पण नेत नाही. तिच्या डॉक्टरांना खरोखरच उशीर झाला होता एवढे सांगतो, तू स्वतःला समजतेस त्याहून खंबीर आहेस म्हणतो, आणि ती त्याला मिठी मारते. संपले. मॅगिन यांनी शेतमजुरांसमोर ठेवलेला प्रश्न इथे पुन्हा येतो आणि उपदेश न करता सुटतो.

त्याच अंकात सुपरमॅन प्रयोग म्हणून एक छोटे विश्व घडवतो, ज्यात सुपरमॅन नाही. त्या विश्वातला इतिहास पुढे सरकत जातो आणि अखेरच्या चौकटीत एक तरुण कागदावर केपवाल्या माणसाचे चित्र काढताना दिसतो. नाव सांगितलेले नाही. सांगण्याची गरजही नाही.

मॉरिसन यांनी २०११ मध्ये नायकाला टी-शर्ट आणि जीन्समध्ये, उड्या मारणारा आणि धनदांडग्यांना धमकावणारा करून पाहिले. राग जुना होता, पण काळजीपूर्वक जतन केलेल्या वस्तूसारखा. त्यापेक्षा अधिक नैसर्गिक परतफेड जीन लुएन यांग यांनी केली. २०१९-२० मध्ये चित्रकर्त्यांच्या गुरिहिरू या जोडीसह त्यांनी १९४६ ची रेडिओकथा पुन्हा सांगितली. या वेळी ली कुटुंबातली मुलगी रॉबर्टा कथेच्या मध्यभागी आहे, आणि सुपरमॅन उडत नाही. उडू शकतो, पण लोक आपल्याला परका समजतील या भीतीने त्याने स्वतःचीच शक्ती दाबून ठेवली आहे. नव्या वस्तीत शेजाऱ्यांच्या नजरा चुकवणाऱ्या मुलीला हे त्याच्याआधी कळते.

अमेरिकेच्या कायद्यानुसार ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचे हक्क २०३३ च्या अखेरीस संपतात. १ जानेवारी २०३४ पासून त्या तेरा पानांतला, दोनशे मीटर उडी मारणारा आणि खाणमालकांना न घाबरणाऱ्या हातांनी घडवलेला सुपरमॅन कोणालाही, कोणाच्याही परवानगीविना लिहिता येईल.